गावचं हेमाडपंती देऊळ: मंडप कललाय, वर्गणी जमलीय, आता काय करू देऊ आणि काय थांबवू?

शिवारकर (हिंगोली जिल्हा)

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय आणि जरा घाईत आहे, कारण ग्रामसभेला पंधरा-सोळा दिवसच उरलेत.

आमच्या गावाला ओढ्याच्या काठावर महादेवाचं जुनं देऊळ आहे. काळा दगड, सांध्यात चुना नाही की माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. गाभारा, त्याच्यापुढं छोटं अंतराळ (गाभारा आणि मंडप जोडणारी जागा) आणि पुढं सोळा खांबांचा मंडप. शिखर कधीचंच पडलंय, माझ्या आजोबांनीसुद्धा ते पाहिलेलं नव्हतं. खांबांच्या माथ्यावर पोट सुटलेले, दोन्ही हात वर करून छत तोलणारे बुटके आहेत. लहानपणी आम्ही श्रावणात अभिषेक चालू असताना ते मोजत बसायचो. एकाचं नाक आणि वरचा ओठ गेलाय, पण तोच सगळ्यात हसरा दिसतो.

गेल्या पावसाळ्यात मंडपाचा ईशान्येचा कोपरा खचला. कोपऱ्यातला खांब बाहेरच्या अंगाला कलला आणि त्याच्यावरची तुळई एका टोकाला चार बोटं सरकली. छताच्या सांध्यात पिंपळही उगवलाय, मनगटाएवढा जाड.

गावानं वर्गणी काढली, अकरा लाख जमले. कुणी सोयाबीनच्या पट्टीतून दिले, माझ्या आईनं दिवाळीच्या साडीचे पैसे दिले. म्हणजे कुणाच्या मनात खोट नाही, हे आधी सांगतो. तालुक्याच्या एका ठेकेदारानं जे काम सांगितलंय ते असं: वाळूचा फवारा मारून दगड साफ करणार, मग त्याला ऑइलपेंट, मंडपाचं छत उतरवून आरसीसी स्लॅब, सांधे सिमेंटनं भरणार, गाभाऱ्यात ग्रॅनाइट आणि वर नवं रंगीत शिखर. भोवतीनं पेव्हर ब्लॉक.

मागं बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या कडेला दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड आहेत. एक उभा, दुसरा आडवा पडलेला, त्यावर बाया धुणं धुतात. मागच्या आठवड्यात ओट्याच्या पायासाठी जेसीबीनं चर मारला तर कंबरेएवढी मूर्ती निघाली. चार हात, एका हातात शंख, गुडघ्याखाली तुटलेली. सध्या समाजमंदिरात पोत्याखाली ठेवलीय. काही जण म्हणतात कुठं बोलू नका, पुरातत्त्व खातं येऊन घेऊन जाईल.

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, यातलं मला काही कळत नाही. पण औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाच्या जुन्या भिंती पाहिल्या की वाटतं, आपलंही असंच दगडाच्या रंगाचं राहावं. ग्रामसभेत उभं राहून मी नेमकं काय सांगू?

पाथरवट (वाई)

शिवारकर, तुमचं वाचून आमचंच गाव डोळ्यापुढं आलं. मी जातीनं आणि धंद्यानं पाथरवट. वडिलांच्या हाताखाली टाकी-छिन्नी धरली, नंतर किल्ल्यांच्या आणि देवळांच्या डागडुजीच्या कामांवर अडतीस वर्षं होतो. आता गुडघे गेलेत, पण सांगण्यासारखं थोडं आहे.

पहिली गोष्ट. उद्या सकाळी कोपऱ्याच्या तुळईखाली टेकू द्या. बाभळीचे किंवा सागाचे जाड वासे घ्या, वर लाकडी फळी, फळी आणि दगडाच्या मध्ये गोणपाटाची घडी आणि खालून पाचर. पाचर बेतानं ठोकायची. तुळई उचलायची नाही, फक्त तिला टेकण द्यायचं. लोखंडी जॅक थेट दगडाला लावू नका, कड उडते. खाली वाळूच्या गोण्या रचा. हे करताना एक जण बाहेर उभा राहून खांबाकडं बघत राहील आणि आवाज आला की सगळ्यांना बाहेर काढील. सात फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काळ्या दगडाची तुळई सव्वा टनाच्या घरात जाते. वजनाचा अंदाज असलेला मिस्त्री बोलवा, पोरांच्या उत्साहावर हे सोडू नका.

दुसरी गोष्ट. जिथं फट पडलीय तिथं काचेची पातळ पट्टी आडवी लावा, दोन्ही टोकं प्लास्टरच्या ठिपक्यानं चिकटवा आणि बाजूला आजची तारीख लिहा. आम्ही प्रत्येक कामावर हे करायचो. काच तडकली तर दगड अजून चालतोय. महिना-दोन महिने शाबूत राहिली तर तुमच्याकडं विचार करायला वेळ आहे. ग्रामसभेत दाखवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही, कारण लोकांना भीती असते की थांबलो तर देऊळ पडेल.

आता कोपरा का खचला ते बघा. दगड म्हातारा होऊन खचत नाही. मराठवाड्यात खाली काळी माती असते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. छताचं पाणी वर्षानुवर्षं त्या एकाच कोपऱ्यात पडत असणार. देवळाभोवतीची जमीन शेकडो वर्षांत भरावानं वर आलेली असते. जोत्याचे खालचे थर मातीत गेलेले असतात आणि पाणी बाहेर न जाता आत वळतं. वर स्लॅब टाकला तर त्याच खचलेल्या कोपऱ्यावर तुम्ही आणखी वजन ठेवता. आणि भोवती पेव्हर ब्लॉक घातले की कुठल्या वाटेनं पाणी मुरतंय ते दिसतच नाही. तुमच्या अकरा लाखांतला पहिला पैसा पाण्यावर खर्च करा. पाणी कुठून येतं, कुठं साचतं आणि ओढ्यापर्यंत कसं जाईल, हे एका पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा.

चर मात्र जोत्याला लागून अजिबात मारू नका. जेसीबी तर आजच परत पाठवा.

सिमेंटचं सांगतो. हे देऊळ शुष्कसांधी आहे. सांध्यात शिरलेलं पाणी सांध्यातूनच बाहेर येतं. सिमेंट भरलं की ते आत कोंडतं आणि भिंतीच्या पोटातली भर धुऊन काढतं. शिवाय सिमेंट कडक. दगड जरा हलला की सिमेंट हलत नाही, मग दगडाची कडा तुटते. छतावर पाणी अडवायला काही घालायचं असेल तर चुना घाला. कळीचा चुना विरवून महिनाभर तरी पाण्याखाली ठेवायचा, मग वाळू आणि विटेची पूड (सुरखी) घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली मळायचा. आमच्याकडं गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा घालायची रीत होती. ओल्या गोणपाटाखाली त्याला सावकाश सुकू द्यायचं. घाई केली की तडे जातात, आणि तडे गेले की लोक म्हणतात बघा, चुना टिकत नाही.

पिंपळ उपटू नका. त्याची मुळं दोन दगडांच्या मध्ये पसरलीत, ओढलं की दगडासकट येतात. बुंधा वीतभर ठेवून कापा, फुटवे आले की पुन्हा कापा. मूळ मेलं की जाणकाराकडून सोडवून घ्या. ॲसिड ओतू नका.

आणि शेवटचं, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. मी चोवीस वर्षांचा असताना एका देवळाच्या प्राकाराची पडकी भिंत आम्ही उतरवली. नाव नको, मुकादमही आता हयात नाहीत. पावसाच्या आत काम संपवायचं म्हणून आकडे न घालताच दगड उतरवले. लक्षात राहील असं वाटलं. पुन्हा बांधायला घेतली तेव्हा एक्केचाळीस दगड कुठं बसतात तेच कळेना. त्यातल्या एकावर हंसांची रांग होती, चार हंस आणि पाचव्याची फक्त मान. पाचव्या हंसाचं अंग असलेला दगड मी आठ दिवस शोधला. तो हंस आजही तिथं आवारात गवतात मानेपुरताच आहे. वर्षाकाठी एकदा मी जाऊन त्याच्यावरचं गवत काढून येतो.

तुमच्या आवारात जे दगड पडलेत त्यातला एकही, अगदी बिनकामाचा वाटणारासुद्धा, जागेवरून हलवण्याआधी त्याला आकडा द्या.

सीनाकाठ (बीड)

दादा, ऑइलपेंटबद्दल तेवढं बोलतो. आमच्या गावच्या देवळाला मी स्वतः रंग दिलाय. गुलाबी भिंती, पिवळे खांब, निळे कीर्तिमुख. नवरात्राच्या आधी पोरांनी मिळून चार दिवसांत केलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मलाही फार बरं वाटलं.

तिसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. फोड फोडला की आत ओल आणि दगडाचा भुगा. आमच्या दगडात पांढरे मऊ दाणे आहेत, तेच आधी सुटले. काढायचा म्हणून कुणीतरी तारेचा ब्रश लावला, तर दाराच्या चौकटीवर कोरलेल्या मुलीच्या हातातला आरसा घासून सपाट झाला. तो आरसा माझ्या आजीला फार आवडायचा. वाळूच्या फवाऱ्यानं याच्यापेक्षा जास्त नुकसान होईल, कारण तो दगडाची वरची कातडीच सोलतो.

हे नुसतं आपल्या गावांत होतं असं नाही. अजिंठ्याला १९२० ते १९२२ च्या सुमारास निजामाच्या सरकारनं इटलीहून तज्ज्ञ आणले होते. त्यांनी सुटणारी चित्रं भिंतीला पक्की केली, पण वर लाखेचं व्हार्निश दिलं. पुढं ते पिवळं-तपकिरी पडलं आणि ते काढायला पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांना किती वर्षं झटावं लागलं! तिथं एवढे जाणकार असून हे झालं. आपण तर दुकानातून डबा आणून लावतो.

तुमचा दगड अजून उघडा आहे. तो तसाच राहू द्या, एवढंच हात जोडून सांगतो.

मांडवी (फोंडा, गोवा)

शिवारकर, मी वास्तुसंवर्धनाचं काम करते. पाथरवटकाकांनी सांगितलं त्यात तांत्रिक बाजूनं मला काहीच बदलायचं नाही. मी कागदाचं सांगते.

आधी देऊळ कुणाच्या यादीत आहे का ते तपासा. केंद्राच्या म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागते: संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. राज्याच्या यादीत असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा. बहुधा दोन्हीत नसेल. अशी देवळं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. तरीही राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या नांदेडच्या कार्यालयाला फोटोंसकट पत्र द्या, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा आणि पोच घ्या. जागा पाहून मार्गदर्शन करावं, एवढीच विनंती करा. देवस्थानाचा न्यास नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयाचंही बघावं लागेल.

मूर्तीचं मात्र लपवू नका. जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, हा कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. तहसीलदारांमार्फत पंचनामा होईल. मूर्ती संग्रहालयात जाईल ही लोकांची भीती खोटी नाही, कधीकधी तसं होतं. ती गावातच राहावी असं वाटत असेल तर ठरावात तसं लिहा, आणि कुलूपबंद, कोरडी जागा कुठं देणार तेही लिहा. पण पोत्याखालची मूर्ती सगळ्यात असुरक्षित असते. ती एका रात्रीत गेली तर आपली होती हे सांगायला तुमच्याकडं काय आहे? तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या देवळातला कांस्य नटराज चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या संग्रहालयात पोचला होता. २०१४ मध्ये तो परत आला. त्यात मोठा आधार झाला तो पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेनं बऱ्याच वर्षांपूर्वी देवळात जाऊन काढून ठेवलेल्या फोटोंचा. तुम्ही आजच मूर्तीचे चारी बाजूंनी फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. तुटलेल्या गुडघ्याचा जवळून घ्या, कारण खालचा भाग त्याच चराच्या आसपास असू शकतो. ज्या जागी मूर्ती निघाली तिथलाही फोटो घ्या आणि चर ताडपत्रीनं झाका.

दगडांना आकडे घालण्याबद्दल काका बोलले, त्यावर दोन गोष्टी. आमच्याकडं साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेलं, तेव्हा तिथलं महादेवाचं देऊळ एकेक दगड सुटा करून, आकडे घालून धरणाजवळ दुसऱ्या जागी पुन्हा उभं केलं. मी विद्यार्थिनी असताना तिथं बसून सांधे रेखाटलेत. आकडे नसते तर तो दगडांचा ढीग झाला असता. कंबोडियात तसा ढीग खरोखर झाला. अंगकोरच्या बाफुओन मंदिराचे सुमारे तीन लाख दगड फ्रेंच संशोधकांनी १९६० च्या दशकापासून उतरवून जंगलात ओळीनं मांडले होते. यादवी युद्धात काम थांबलं आणि ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात नोंदवह्याच नष्ट झाल्या. १९९५ ला पुन्हा सुरुवात केली तेव्हा कुठला दगड कुठं हे एकेक करून जुळवावं लागलं. काम संपलं २०११ ला.

आणि स्लॅबबद्दल एक. लोखंड गंजलं की फुगतं. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत घातलेल्या लोखंडी पट्ट्यांनी पुढं संगमरवर फोडला. मूळ ग्रीक कारागिरांनी लोखंडावर शिसं ओतलेलं होतं, दुरुस्ती करणाऱ्यांनी ते केलं नाही. आता तिथं टायटॅनियम वापरतात. आपल्याकडं स्लॅबमधली सळई ओढ्याकाठच्या ओलीत किती वर्षं टिकेल?

शिवारकर

काका, ताई, दादा, तुमचं सगळं मी छापून घेतलं आणि काल रात्री पारावर वाचून दाखवलं. हंसाचं वाचताना आमचे गुरव बाबा उठून गेले आणि थोड्या वेळानं परत आले. त्यांच्या घराच्या पायरीला देवळाचा एक दगड लावलाय, तो काढून देतो म्हणाले.

टेकू दिले. परभणीहून एक वयस्कर मिस्त्री आले होते, पाचर त्यांनीच ठोकली. तीन काचपट्ट्या लावल्या, तारखा लिहिल्या.

अडचण ही आहे की वर्गणी देणारे विचारतात, पैसे दिलेत तर काम दिसलं पाहिजे. नुसतं पाणी काढून दिलं आणि आकडे टाकले, तर लोकांना काय दाखवू? आणि आकडे टाकायचे कशानं? ऑइलपेंट तर नको.

पाथरवट (वाई)

पाचर वयस्कर माणसानं ठोकली हे वाचून जिवाला बरं वाटलं.

आकडे कोरायचे नाहीत आणि रंगानंही लिहायचे नाहीत. जागेवर खडूनं लिहा आणि लगेच फोटो घ्या, कारण खडू पावसात जातो. पडलेल्या दगडांना ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आकडा ठोकून ती पट्टी सुतळीनं बांधा. आमची पद्धत अशी: पूर्वेकडचा, खालून तिसरा थर, डावीकडून सातवा, तर ‘पू-३-७’. पडलेल्यांना ‘प’ आणि पुढं आकडा. एका वहीत मापं आणि कुठं सापडला ते लिहा. वहीच्या दोन प्रती करा, एक शाळेत आणि एक देवळाबाहेर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

आणि दिसण्याचं म्हणाल तर आवारातली झाडी काढा, जोत्याभोवतीचा भराव किती आणि कसा काढायचा ते नांदेडहून कुणी आलं की विचारा. जोत्याचे बुडालेले थर उघडे झाले तर देऊळ हातभर उंच झाल्यासारखं दिसतं. त्या थरांवर कधीकधी हत्तींची रांग असते. बारवेतला गाळ काढायचा झाला तर तोही चाळून काढा, पाट्या भरून सरळ ट्रॉलीत टाकू नका. हे काम गावाला दिसेल आणि त्यात गावाचे हातही लागतील.

मांडवी (फोंडा, गोवा)

पैशांसाठी एक सुचवते. ठरावात लिहा की रक्कम न्यासाच्या वेगळ्या खात्यात राहील आणि पहिल्या वर्षी फक्त टेकू, पाण्याचा निचरा, नोंदी आणि कुंपण यांवर खर्च होईल. ठेकेदाराला आगाऊ दिली असेल तर ती पाण्याच्या चरांच्या मजुरीत वळती होते का बघा. चर देवळापासून दूर, जाणकारानं आखून दिल्याप्रमाणंच. म्हणजे त्या माणसाशीही वाकडं येणार नाही.

पंढरपूरचं उदाहरण सभेत द्या. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात अलीकडच्या काळात लावलेला ग्रॅनाइट काढून जुना दगड उघडा केला. जे तिथं काढलं तेच तुम्ही नव्यानं लावायला निघालात, एवढं सांगितलं तरी वारकरी मंडळींना पटेल.

शिवारकर

ग्रामसभा काल झाली. एक वर्ष थांबायचा ठराव झाला, ग्रॅनाइट आणि ऑइलपेंट रद्द. स्लॅबवर वाद राहिलाय, पण नांदेडहून कुणी येऊन बघेपर्यंत त्यालाही हात लागणार नाही. पंढरपूरचं ऐकून सगळ्यात आधी माळकरी मंडळींनीच हात वर केले. मूर्तीचा पंचनामा सोमवारी आहे. फोटो मी छत्तीस काढले.

शाळेची पोरं आकडे घालायच्या कामाला लागलीत. पडलेले दगड आज संध्याकाळपर्यंत २१४ झाले, त्यात गुरव बाबांची पायरी प-२०९.

धुण्याच्या वीरगळाचं सांगायचं राहिलं. तिथं गेली चाळीस वर्षं धुणं धुणाऱ्या चुलतीला मी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, दुसरा दगड आणून दे, याच उंचीचा, माझी कंबर दुखते. खाणीतून तसा दगड आणून आधी तिच्या जागेवर बसवला. मग जुन्या दगडाचे फोटो काढले, मापं घेतली आणि आठ जणांनी मिळून पहारीखाली लाकूड देऊन तो सावकाश उलटवला.

तो पालथा होता. धुणं सगळं पाठीवर आपटलं गेलं होतं. खालच्या चौकटीत गाईंची रांग आहे, मधल्या चौकटीत तो ढाल-तलवार घेऊन दोघांशी लढतोय, त्याच्यावर अप्सरा त्याला हाताला धरून नेतायत आणि सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय. चंद्र-सूर्यही आहेत. गाईंच्या शिंगांची टोकंसुद्धा शाबूत आहेत. चुलती बराच वेळ बघत उभी होती. मग तिनं पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसायला हात पुढं केला, तर पोरगी ओरडली, “आजी, थांब, अजून आकडा टाकायचाय.”

प-२१५ टाकला. मऊ ब्रश आणि साधं पाणी चालेल का काका, की तेही नको?

पाथरवट (वाई)

आधी चांगला वाळू द्या, आठ-दहा दिवस, सावलीत. मग कोरड्या मऊ ब्रशनं, वरून खाली. पाणी नको. साबणाचा अंश पाठीत मुरला असेल तर वाळताना पांढरं फुटेल, ते ब्रशनंच झाडत राहा, ओलं करू नका. उभा करताना खाली विटांचा चौथरा करून वाळूवर टेकवा, सिमेंटमध्ये रोवू नका. आणि शेजारच्या उभ्या वीरगळाचं तोंड जिकडं आहे, त्याच दिशेला याचंही ठेवा.